पेटत्या भट्टीजवळच्या नोंदी : एका गावलोहाराच्या कामाचे दस्तऐवजीकरण

६ मे २०२४

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात, माण तालुक्यातील एका गावात आजपासून काम सुरू केले. प्रकल्पाचा हेतू कागदावर सोपा आहे. गावात शिल्लक राहिलेल्या एकमेव पेटत्या भट्टीवर होणाऱ्या प्रत्येक कामाची नोंद घ्यायची, अवजारांची आणि क्रियांची इथली नावे टिपायची, आगीची तापमाने मोजायची आणि माळ्यावर गुंडाळून ठेवलेला जुना चामडी भाता दुरुस्त करून निदान एकदा चालवून पाहायचा. हंगाम मुद्दाम हा निवडला, कारण लोहाराकडची खरी गर्दी मृगाच्या आधीच्या महिन्यात असते आणि एकदा पेरण्या लागल्या की भट्टीवर कोणी फिरकत नाही.

कारागीर साठी ओलांडलेले आहेत. सारा गाव त्यांना तात्या म्हणतो, तेव्हा या नोंदींतही तेच संबोधन वापरले आहे. त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणते.

छपराची पाहणी केली. तीन बाजूंनी भिंत, एक बाजू उघडी आणि तीही उत्तरेला, त्यामुळे आत दिवसभर सावली असते. आगटी जमिनीपासून वीतभर उंच असून तिच्या मागच्या मातीच्या आडभिंतीतून वाऱ्याची नळी आत येते. ऐरण बाभळीच्या ओंडक्यावर बसवलेली असून तो ओंडका दोन हात खोल गाडलेला आहे. तात्या बसून काम करतात, म्हणून ऐरणीचा माथा त्यांच्या मांडीच्या पातळीला येतो, मात्र घण मारणाऱ्याने उभे राहायचे असते. डाव्या हाताला दगडी डोण आणि तिच्यात पाणी. मागच्या भिंतीवर बावीस सांडशा टांगलेल्या आहेत, त्यांपैकी एकीचाही जबडा दुसरीसारखा नाही. वारा आता हाताने फिरवायच्या ब्लोअरने घातला जातो आणि तो फिरवण्याचे काम काकूंकडे असते.

८ मे २०२४

आमचा नोंदतक्ता दोनच दिवसांत निकामी ठरला, याची कबुली इथे द्यायला हवी.

तक्त्यात वस्तूचे नाव, कच्चा माल, बनवण्याची पद्धत, लागलेला वेळ आणि विक्रीची किंमत असे रकाने होते. आज भट्टीवर सतरा वस्तू आल्या. ट्रॅक्टरमागच्या कल्टिव्हेटरचे सात फाळ, कुळवाची एक पास, तीन खुरपी, दोन टिकाव, एक पहार, एक कुऱ्हाड आणि दोन विळे. यांतली एकही वस्तू बनवायची नव्हती. सकाळभर मी 'बनवण्याची पद्धत' या रकान्यात काही ना काही लिहीत राहिले. तात्यांनी ते वाचून घेतले आणि म्हणाले, "म्याडम, बनिवलं कुटं? ह्ये समदं शेवटलंय."

शेवटणे हा या धंद्यातला सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द आहे आणि आमच्या तक्त्यात तो कुठेच नव्हता. वापरून बोथट आणि आखूड झालेले अवजार तापवायचे, उरलेल्या लोखंडातूनच टोक पुढे ओढून काढायचे, धारेची बाजू पातळ करायची आणि शेवटी पाणी द्यायचे (तापलेले अवजार पाण्यात धरून कडक करायचे), या सगळ्याला मिळून शेवटणे म्हणतात. यात नवे लोखंड येत नाही. जाड भागातले लोखंड झिजलेल्या भागाकडे सरकवले जाते, त्यामुळे प्रत्येक खेपेला अवजार थोडे लहान होते. कुठल्या भागातून किती ओढायचे आणि अजून किती खेपा शिल्लक राहतील याचा हिशेब पहिल्या घणाच्या आधीच झालेला असतो.

तो हिशेब तात्या झिजेवरून करतात. एका खुरप्याची डावी कड उजवीपेक्षा बोटभर जास्त झिजली होती. ते हातात घेताच त्यांनी सांगितले की वापरणारी बाई डावरी नाही, पण बसून खुरपताना ती उजव्या गुडघ्यावर भार देते आणि पाते तिरके लावते. त्यांनी ते सरळ केले नाही. तिच्या हाताला सवय आहे त्याच तिरक्या कोनात धार काढून दिली. सात फाळांपैकी दोन इतरांपेक्षा अधिक झिजले होते, तेव्हा त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला ते दोन्ही फाळ चाकाच्या वाटेवर येतात का, असे विचारले. ते खरे होते. चाकाने दाबलेल्या मातीत फाळ जास्त घासतो.

रात्री तक्ता बदलला. आता रकाने असे आहेत : आलेली वस्तू, कुठे आणि कशी झिजली, झिजण्याचे कारण, केलेला इलाज, उरलेले आयुष्य. 'विक्रीची किंमत' काढून टाकला.

११ मे २०२४

आजचा दिवस लोखंडाच्या ढिगासाठी ठेवला होता. छपरामागे साधारण दोन गाड्या भंगार आहे. ट्रकचे कमानपाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), जुन्या पहारी, बेअरिंगच्या कड्या, बांधकामाच्या सळ्या, तुटक्या कानशी. आम्हाला ते भंगार दिसते. तात्या मात्र त्याचे तीन भाग करतात : नरम, चिवट आणि कडक.

ही विभागणी कर्बाच्या (कार्बनच्या) प्रमाणाशी नेमकी जुळते. बांधकामाच्या सळीत कर्ब पाव टक्क्याच्या आसपास असतो, आणि ती कितीही लाल करून पाण्यात बुडवली तरी धार धरण्याइतकी कडक होत नाही. कमानपाट्यात तो अर्धा ते सहा दशांश टक्के असतो, जोडीला सिलिकॉन किंवा क्रोमिअम असते, म्हणून कोयता, विळा आणि कुऱ्हाडीची धार यांसाठी कमानपाटाच लागतो. जुन्या कानशीत तो एक टक्क्याच्या वर जातो, तिची छिन्नी उत्तम होते, पण शेतात दगडावर आपटणाऱ्या अवजाराला ती उपयोगाची नाही. ओळख पटवायला तात्या तुकडा सहाणेच्या चाकावर धरतात. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, तर कर्ब वाढेल तशा त्या टोकाला फुटून त्यांना फाटे येतात. पोलाद ओळखण्याची ही कसोटी कारखान्यांतही वापरली जाते. तात्यांना ती कोणी शिकवली, या प्रश्नावर त्यांनी खांदे उडवले.

बाजारातून नवे लोखंड आणण्याची रीत इथे फारशी नव्हतीच. याच जिल्ह्यात महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक तिथल्या तांबड्या दगडातून लोखंड गाळीत असत. एकोणिसाव्या शतकात विलायती लोखंड स्वस्त मिळू लागले, लाकूडतोडीवर बंधने आली आणि त्या भट्ट्या विझल्या. तेव्हापासून गावलोहार हा गाळलेल्या नव्हे तर वापरलेल्या लोखंडाचा गिऱ्हाईक झाला. आधी रेल्वेचे, नंतर ट्रकचे.

१५ मे २०२४

तापमानमापनाचा पहिला दिवस पूर्ण वाया गेला. चूक माझी होती. दुरून रोखायचा इन्फ्रारेड तापमापक आणला होता. आगीत ठेवलेल्या सळीवर तो रोखला की भोवतीच्या निखाऱ्यांचे तेज त्यात मिसळते, त्यामुळे आकडा सळीचा नसून निखाऱ्यांचा येतो. सळी बाहेर काढून मोजावे तर वर काळी खपली धरते, ती आतल्या धातूपेक्षा लवकर निवते आणि आकडा कमी येतो. दोन तासांत मी एकाच सळीची ७४० पासून ११९० पर्यंतची तापमाने लिहिली होती. ती सगळी खोडली.

दुपारी थर्मोकपल वापरले. त्याचे टोक आगीच्या गाभ्यात, नळीच्या तोंडासमोर चार बोटांवर धरले, तेव्हा ते १२०० अंश सेल्सिअसच्या थोडे वर स्थिरावले. तिथून बाजूला हातभर सरकले की सहाशेच्या खाली येते. म्हणजे एकाच आगटीत तात्यांना हवी ती सगळी तापमाने आडवी मांडून ठेवलेली मिळतात, आणि ते वस्तू आगीत ठेवत नाहीत तर आगीच्या ठरावीक जागी ठेवतात. काकूंचा हात हळू झाला की गाभा आक्रसतो, जोरात फिरला की पसरतो. दोघांत या कामी शब्दाची देवाणघेवाण जवळपास होत नाही. तात्या सांडशी किंचित मागे ओढतात आणि ब्लोअर मंदावतो.

छपरात अंधार का ठेवला आहे, याचा उलगडाही आजच झाला. मला तो जागेच्या अडचणीचा भाग वाटला होता. उन्हात मंद लाल तापलेली सळी काळीच दिसते, सावलीत तीच सळी सातशे अंशांच्या आसपास डोळ्यांना लाल दिसू लागते. रंग हेच मोजमाप असेल तर उजेड स्थिर ठेवावाच लागतो. गेल्या वर्षी एका भल्या माणसाने छपरात दिवा बसवून दिला होता. त्याच्यावर आता पोते बांधलेले आहे.

एक पडताळणी मात्र समाधान देणारी झाली. पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटणे सोडते, आणि त्याहून थोड्या वरच्या तापमानाला पाणी दिले तर ते नीट कडक होते. तारेला चुंबक बांधला आणि तात्यांना सांगितले की पाण्याला तयार झाले असे वाटले की थांबा म्हणा. तीन विळ्यांवर तीन वेळा केले. तिन्ही वेळा त्यांनी थांबवले तेव्हा चुंबकाने नुकतीच पकड सोडलेली होती.

१६ मे २०२४

भट्टी बंद. भावकीतल्या लग्नाला सगळे गेले आहेत. नोंदी टंकून घेतल्या.

२० मे २०२४

पाणी देणे. या एका क्रियेवर आजचा दिवस गेला आणि एक विळा मोडला.

कमानपाट्याचा नवा विळा तयार होता, या पंधरवड्यातली ही पहिलीच नवी वस्तू. पाणी मी देऊन पाहू का, असे विचारल्यावर तात्यांनी सांडशी माझ्या हातात दिली. विळा नारिंगी होईपर्यंत तापवला, म्हणजे हवा त्याहून बराच अधिक, आणि सबंध विळा एकदम डोणीत बुडवला. पाण्यातून 'टिंग' असा बारीक, स्वच्छ आवाज आला. तात्यांनी मान वळवली. बाहेर काढला तर वाकणाजवळ केसाएवढी चीर होती. लाकडावर हलके आपटताच त्याचे दोन तुकडे झाले. मोडलेल्या जागी पोलादाचा दाणा रवाळ साखरेसारखा चमकत होता. तात्यांनी आपला जुना तुटका विळा काढून शेजारी धरला, त्याचा दाणा राखाडी, मैद्यासारखा बारीक होता. फाजील तापवले की दाणा वाढतो, वाढलेल्या दाण्याचे पोलाद ठिसूळ होते, आणि कमानपाट्याच्या जातीला पाण्याचा एकदम बसणारा गारवा मुळातच सोसत नाही. पुस्तकात हे मी वाचलेले होते.

नंतर त्यांनी करून दाखवले. विळा गाजरासारखा लाल झाला की बाहेर काढायचा. फक्त धारेची बाजू, बोटभरच, पाण्यात धरायची आणि ती एका जागी स्थिर न ठेवता पुढेमागे हलवीत राहायची, नाहीतर पाण्याच्या रेघेवरच चीर पडते. पाच-सहा अंक मोजण्याइतक्या वेळात बाहेर. धार आता कडक पण ठिसूळ आहे, आणि पाठीत अजून उष्णता साठलेली आहे. सहाणेच्या तुकड्याने धारेवर दोनदा घासून ती चकचकीत करायची आणि वाट पाहायची. पाठीची उष्णता धारेकडे सरकू लागते तसा त्या चकचकीत पट्टीवर रंग चालत येतो. आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा, मग मोरपिसासारखा निळा. गव्हाळ रंग साधारण २२० अंशांना येतो आणि निळा तीनशेच्या जवळ. छिन्नीला गव्हाळ-तपकिरीवर थांबवायचे, विळ्याला जांभळ्यावर, कोयता आणि कुऱ्हाडीला निळा दिसू लागला की. हवा तो रंग धारेला टेकला की सबंध वस्तू पाण्यात. या शेवटच्या वाटचालीला मी घड्याळ लावले तेव्हा तात्या म्हणाले, "घड्याळाकडं बगशीला तंवर रंग पळून जाईल."

विळ्याचे दोन तुकडे काकूंनी तुळईवर ठेवून दिले. इथे काही फेकत नाहीत.

२४ मे २०२४

भाता माळ्यावरून खाली काढला. नासपतीच्या आकाराच्या तीन सागवानी फळ्या, मधली स्थिर, वरची आणि खालची हलणारी, आणि भोवती म्हशीच्या चामड्याचा घडीदार घेर. दोन कप्पे असल्यामुळे खालची फळी उचलताना हवा वरच्या कप्प्यात जाते आणि वरच्या फळीवर ठेवलेले वजन ती नळीतून सतत ढकलत राहते. त्यामुळे दम तुटत नाही. झडपा म्हणजे चामड्याने मढवलेल्या छोट्या लाकडी झापा, खिळ्यांऐवजी वादीने टांगलेल्या. खालच्या झडपेची वादी कुजली होती. चामडे घडीच्या ठिकाणी चार जागी फाटले आहे, उंदरांनी एक कोपरा खाल्ला आहे, बाकीचे वाळून पत्र्यासारखे झाले आहे.

शेजारच्या गावातील चर्मकारांनी पाहून सांगितले की सबंध चामडे बदलण्याची गरज नाही. पहिला आठवडा दररोज एरंडेल चोळायचे, चामडे वळायला लागले की मग ठिगळे. तेल आधी न लावता टाका घातला तर सुईच्या भोकापासूनच फाटत जाईल. आज पहिला हात दिला. काकू दुरूनच पाहत होत्या.

२८ मे २०२४

दुपारच्या उन्हात काम थांबते तेव्हा तात्या बोलतात. आजचे सगळे बोलणे बलुत्याचे होते.

लोहार बारा बलुतेदारांपैकी. शेतकऱ्याची अवजारे वर्षभर शेवटून द्यायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे धान्य आणायचे, अशी ही बांधिलकी. कामाचा दर वस्तूवर नसून घरावर ठरलेला असे, म्हणून अवजार किती वेळा आणले याचा हिशेब कोणी ठेवत नसे. आमच्या तक्त्यातून 'किंमत' का निसटत होती, त्याचे मूळ इथे असावे असे मला वाटते. आजही शेवटण्याचे पैसे सांगताना तात्या अडखळतात, नव्या कोयत्याचे मात्र चटकन सांगतात. सेवेपोटी दिलेल्या इनाम जमिनी १९५३ च्या कायद्याने रद्द झाल्या, पण खळ्यावरचे धान्य कायद्याने आलेले नव्हते, तेव्हा ते कायद्याने गेलेही नाही. तात्यांच्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकाअखेर, त्यांचे वडील पोते घेऊन खळ्यावर जात. कमीपणा वाटायचा का, असे मी विचारले. त्यांनी सरळ उत्तर दिले : वाट्याचे मागायला जाताना नाही वाटायचा, पण ज्या घरचे पीक बुडाले त्याच्या खळ्यावर जाऊन उभे राहताना वाटायचा.

१९७२ च्या दुष्काळात खळीच नव्हती. गाव खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर गेले. त्या वर्षी भट्टी जितकी चालली तितकी पूर्वी कधी चालली नव्हती, कारण दगडावर पहारी आणि टिकाव दोन दिवसांत बोथट होत. बारा-तेरा वर्षांचे तात्या तेव्हा भात्यावर बसले. काम रोखीचे होते. बलुत्याकडून रोखीकडे हे घर त्या वर्षी गेले ते परत आले नाही.

नांगराबद्दल एक नोंद. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, हे सर्वांना ठाऊक आहे. लोहाराच्या बाजूने पाहिले तर त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. लाकडी नांगराचा फाळ घडीव असे, तो शेवटता येई. लोखंडी नांगराचा फाळ बिडाचा (ओतीव लोखंडाचा), आणि बीड तापवून ठोकले तर त्याचे तुकडे होतात. तो झिजला की नवा आणायचा. एका अवजाराची सगळी दुरुस्ती त्यामुळे भट्टीपासून तुटली. गंमत अशी की ट्रॅक्टर आल्यावर कल्टिव्हेटरचे पोलादी फाळ पुन्हा भट्टीवर येऊ लागले. ट्रॅक्टरने लोहार संपवला असे मी प्रकल्पाच्या अर्जात लिहिले होते. ते वाक्य अंतिम अहवालात असणार नाही.

२ जून २०२४

धाव चढवण्याचे काम. ज्यासाठी तीन आठवडे थांबलो होतो ते अखेर आले.

गावात लाकडी चाकाची एकच गाडी वापरात आहे. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसते, घेर लहान होतो आणि भोवतीची लोखंडी धाव सैल पडते. चाकाचा घेर दोरीने मोजला : ४ मीटर २८ सेंटीमीटर. धावेचा आतला घेर त्याहून थोडा मोठा निघाला, म्हणूनच ती खुळखुळत होती. धाव कापून त्यातली पट्टी काढली आणि आतला घेर लाकडापेक्षा दीड सेंटीमीटरने लहान करून सांधा वीजजोडणीने बुजवला. पूर्वी हा सांधा टाकणखार टाकून आगीतच जोडत. तात्यांना आजही तसा जोडता येतो, पण धावेला त्यांनी तो जोडला नाही. वेल्डिंगचा सांधा खात्रीचा असतो, असे त्यांचे मत. मी थोडी हिरमुसले, हे लिहून ठेवते.

धाव तीन दगडांवर आडवी ठेवून तिच्यावर-खाली गोवऱ्यांचे कडे रचले. पाऊण तासाने ती सर्व बाजूंनी सारखी तापली. पाचशे अंशांच्या वाढीला या लांबीचे लोखंड अडीच ते तीन सेंटीमीटरने वाढते, म्हणजे दीड सेंटीमीटरची तूट भरून वर बोटभर सैलपणा मिळतो आणि काम उरकायला तेवढाच अवकाश असतो. चाक जमिनीवर आडवे, तुंबा (चाकाचा मधला गड्डा) खड्ड्यात. तिघांनी सांडशांनी धाव उचलून बसवली, लाकडाने पेट घेतला, घणाचे चार ठोके, आणि लगेच चारी बाजूंनी पाणी. वाफेतून आधी फक्त आवाज आला : एकेक आरा आपल्या खाचेत घट्ट बसताना करकरतो, एकामागून एक, चाकाभोवती फिरत. गाडीमालक कान देऊन आरे मोजत होता. बाराच्या बारा वाजल्यावर त्याने पागोटे काढून घाम पुसला.

६ जून २०२४

मृग एक-दोन दिवसांवर. सकाळी सहापासून रांग. आज तपशीलवार नोंद घेणे अशक्य झाले, फक्त झिजेचा रकाना भरला. एकेचाळीस वस्तू, त्यांपैकी एकतीस खुरपी आणि फाळ. काकूंनी चार तास ब्लोअर फिरवला आणि मधल्या वेळात पहारीवर घणही मारला. उंच उचललेला घण त्या मनगटाने नव्हे, सबंध कमरेतून खाली आणतात. तात्या ऐरणीच्या कडेवर हातोडीचा हलका ठोका देतात, घण नेमका त्यानंतर आणि त्याच जागी पडतो. हातोडी आडवी ठेवली की घण थांबतो.

संध्याकाळी मळभ आले. वळीव पडला तर छपराचा पत्रा गळतो, म्हणून कोळशावर ताडपत्री घातली. कोळसा वेड्या बाभळीचा, लोणारी पद्धतीने माती लिंपून भाजलेला. दगडी कोळसा स्वस्त पडतो, पण त्यातला गंधक लोखंडात शिरला की तापलेले लोखंड ठोकताना भेगाळते, म्हणून धारेच्या कामाला तात्या तो शिवत नाहीत.

११ जून २०२४

पाऊस झाला. गिऱ्हाईक नाही, म्हणून कागदपत्रांचे काम हाती घेतले.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये लोहारकाम आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाख रुपये कर्ज, असे तिचे स्वरूप. एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर आम्ही तिघे गेलो. कारागीर कोण, या प्रश्नावर तात्या म्हणाले, "दोगं बी." पडद्यावर तशी जागा नव्हती. थोड्या विचाराने त्यांनी काकूंचे नाव घालायला सांगितले, आपले वय झाले आहे असे कारण देऊन. केंद्रावरच्या मुलाने हसून काकूंना विचारले की तुम्ही घण उचलता का. त्यांनी आपला उजवा पंजा काउंटरवर उताणा ठेवला. अर्ज गेला आहे. पुढचे टप्पे ग्रामपंचायतीच्या पडताळणीपासून सुरू होतील.

यावरून आमच्या पहिल्या तक्त्यातील 'कारागिराचे नाव' ही एकवचनी ओळ आठवली. ती सुधारून आतापर्यंतच्या सर्व नोंदींत दोन्ही नावे घातली.

परतताना रस्त्याकडेला घिसाड्यांची दोन पाले दिसली. बाईच्या हातात घण, पुरुष खाली बसलेला, जमिनीतच खड्डा करून आगटी. बाजाराच्या दिवशी ते नवे विळे आणि कोयते उघड्यावर घडवून विकतात. गावलोहाराला ही स्पर्धा वाटत असेल अशी माझी समजूत होती. तात्यांच्या हिशेबात मात्र घिसाड्याने विकलेला कोयता पुढच्या वर्षी शेवटायला आपल्याकडेच येणार असतो, कारण तोवर घिसाडी कुठच्या कुठे गेलेला असतो.

१९ जून २०२४

भात्याला सव्वीस दिवस तेल, सात ठिगळे आणि दोन नव्या वाद्या लागल्या. आज तो आगटीला जोडला. पहिल्या दाबाला मागच्या घडीतून फुसफुस ऐकू आली, तिथे ओल्या चामड्याची पट्टी दाबून बसवली. त्यानंतर दम धरला.

तुलना अशी : बारा मिलिमीटर जाडीची सळी पिवळी व्हायला ब्लोअरने तीन मिनिटे दहा सेकंद लागली, भात्याने चार मिनिटे वीस सेकंद. भात्याचा वारा सौम्य आणि अखंड येतो, त्यामुळे ठिणग्या कमी उडतात आणि कोळसाही कमी जळाल्यासारखा वाटला, पण एका दिवसाच्या मापावरून ते ठामपणे लिहिता येणार नाही. काकूंनी दहा मिनिटे दांडी ओढली आणि खांदा धरून बाजूला झाल्या. वीस वर्षे हीच दांडी ओढली होती, ब्लोअर आला त्या दिवशी नारळ फोडला होता, असे त्यांनी सांगितले. भाता परत माळ्यावर जाईल. तो कोरडा ठेवायचा, घडी न घालता टांगायचा आणि दर पावसाळ्याआधी एरंडेल लावायचे, एवढे लेखी ठरले आहे.

चाचणीसाठी काहीतरी घडवून पाहायचे होते. काकूंनी तुळईवरून विळ्याचे दोन तुकडे काढून दिले. तात्यांनी त्यातला लांब तुकडा सौम्य लाल रंगावर तीनदा तापवून दरवेळी तसाच हवेत निवू दिला, म्हणजे वाढलेला दाणा पुन्हा बारीक होतो. मग मागचा भाग मुठीत बसेल असा ओढला, पाते पसरवले आणि जांभळ्यावर पाणी दिले. खुरपे झाले, नेहमीपेक्षा थोडे अरुंद, लसणाच्या वाफ्यात चालेल असे.

नोंद क्रमांक २०७. आलेली वस्तू : विळा, वाकणाजवळ मोडलेला. कुठे आणि कशी झिजला : झिजलेला नाही. कारण : फाजील तापवून सबंध बुडवला, चूक नोंद घेणारीची. इलाज : खुरपे केले. उरलेले आयुष्य : तात्यांच्या मते चार खेपा.